कुड्याचे पाळ: एका औषधी सालीचा इतिहास

कुडा हा कण्हेर कुळातला लहान, पानगळीचा वृक्ष. कोकणात, सह्याद्रीच्या उतारांवर आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या सागवानी जंगलांत तो आढळतो. उन्हाळा सरता सरता त्याला पांढऱ्या फुलांचे घोस येतात, आणि पुढे जोडीजोडीने लोंबणाऱ्या, वीतभर किंवा त्याहूनही लांब अशा बारीक शेंगा धरतात. पान खुडले की पांढरा चीक येतो. कोकणात त्याची फुले आणि कोवळ्या शेंगा उकडून, कडूपणा काढून भाजी करतात. पण कुड्याचे नाव झाले ते सालीमुळे. खोडाची आणि विशेषतः मुळाची साल म्हणजे कुड्याचे पाळ. ते सहाणेवर उगाळून ताकातून देणे हा आव, मुरडा आणि रक्ती आवेवरचा महाराष्ट्रातला जुना उपाय आहे. बियांना इंद्रजव म्हणतात. तेही कडूजहर, आणि तेही पोटाच्याच तक्रारींवर वापरले जातात.

या सालीचा लेखी इतिहास मोठा आहे. तो गोव्यातून आणि मुंबईतून जातो, कोलकात्याला पोचतो आणि मध्येच समुद्र ओलांडून आफ्रिकेत शिरतो. जंतुनाशक द्रव्य म्हणून वनस्पतींचा शोध कसा घेतला गेला, याचे इतके सलग उदाहरण पश्चिम भारतात दुसरे क्वचितच सापडेल. या इतिहासात साल निकामी ठरण्याचे प्रसंग अनेकदा आले. ते बहुतेक वेळा ओळख चुकल्यामुळे आले. आधी झाडाची ओळख चुकली, नंतर रोगाची.

संस्कृत वैद्यकात कुड्याला कुटज म्हणतात. चरकसंहितेत तो मूळव्याध, खाज वगैरेंवरच्या औषधगणांत येतो आणि अतिसाराच्या चिकित्सेतही येतो. कुटजारिष्ट, कुटजावलेह, कुटजघनवटी ही औषधे आजही दुकानात मिळतात. यांतली सर्वांत लक्ष देण्याजोगी कृती शार्ङ्गधरसंहितेतल्या पुटपाकाची आहे. ताजी साल तांदळाच्या धुवणात वाटायची, तिचा गोळा जांभळीच्या पानांत गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, त्यावर गव्हाच्या कणकेचा लेप द्यायचा, कणकेवर चिखलाचा जाड थर चढवायचा आणि तो गोळा गोवऱ्यांच्या आगीत भाजायचा. चिखल लाल झाला की आवरण फोडून आतला रस पिळून काढायचा आणि थंड झाल्यावर मधातून द्यायचा. या कृतीत साल जळत नाही, तिच्यातले पाणी बाहेर जात नाही, आणि ती आपल्याच वाफेत शिजते. ओली साल हाताशी असल्याशिवाय हे करता येत नाही. म्हणजे ही कृती लिहिणारा माणूस कुड्याच्या रानापासून फार दूर राहत नसावा.

युरोपीय भाषांतली कुड्याची पहिली ठळक नोंद गोव्यात झाली. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा हा त्याचा रुग्ण आणि स्नेही. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. भारतातल्या औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूपाने लिहिलेले पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. भारतातल्या छपाईच्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. या पुस्तकात अतिसारावर गुणकारी अशा एका मलबारी झाडाच्या मुळाच्या सालीचे वर्णन आहे. पोर्तुगीज लोक त्याला मलबारची वनस्पती म्हणत. पुढच्या अभ्यासकांनी हे झाड कुडाच असल्याचे ठरवले. ऑर्ताने स्थानिक वैद्यांचे उपचार पाहिले, पोर्तुगीज वैद्यांच्या उपचारांशी त्यांची तुलना केली आणि जिथे स्थानिक उपाय सरस वाटला तिथे तसे लिहिले. त्या काळात हे धाडसच होते. क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला प्रसिद्ध केला आणि त्यातली माहिती युरोपभर पसरली. ऑर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. तो १५६८ मध्ये वारला. १५८० मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

शंभर वर्षांनी कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅमला छापला गेला. कुडा त्याच्या पहिल्याच खंडात, ‘कोडगपाल’ या मल्याळी नावाने चित्रासह आला आहे. या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते. त्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलेले प्रमाणपत्र नागरी लिपीत ग्रंथात छापले आहे. कुड्यासारख्या झाडाचे ज्ञान युरोपात गेले ते अशा माणसांच्या तोंडून आणि त्यांच्या निघंटूंमधून. एवढ्या स्पष्टपणे नावे नोंदवली जाण्याचा मान त्यांच्यानंतरच्या फार थोड्या वैदूंना मिळाला.

अठराव्या शतकात ही साल ‘कोनेसी साल’ किंवा ‘तेलिचेरी साल’ या नावाने युरोपच्या औषधी व्यापारात शिरली. काही काळ तिचे चांगले नाव होते. मग ते ओसरले. याचे मोठे कारण भेसळ. कुड्यासारखेच दिसणारे, त्याच कुळातले दुसरे झाड म्हणजे काळा कुडा. त्याच्या आणि पांढऱ्या कुड्याच्या फुला-शेंगांत साम्य आहे. दोघांनाही चीक आहे आणि दोघांच्याही शेंगा जोडीने येतात. तरी ओळखू पाहणाऱ्याला फरक सापडतो. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. काळ्याच्या पानांपासून निळा रंग निघतो. सर्वांत सोपी परीक्षा जिभेची: पांढऱ्याचे बी कडू, काळ्याचे बी कडू नाही. म्हणूनच बाजारात कडू इंद्रजव आणि गोड इंद्रजव अशी दोन नावे आहेत. सालीला मात्र अशी सोय नाही. ती वाळवून, तुकडे करून पोत्यात भरली की झाडाची बहुतेक खूण नाहीशी होते. काळ्याची साल पांढऱ्याच्या नावाने लंडनला गेली, आजाऱ्याला गुण आला नाही, आणि दोष औषधाला लागला. वनस्पतिशास्त्रातही गोंधळ होताच. लिनियसने ‘आवेवरचे’ या अर्थाचे लॅटिन नाव ज्या झाडाला दिले, ते काळ्या कुड्याच्या जवळचे श्रीलंकेतले झाड होते. रॉबर्ट ब्राउनने १८१० मध्ये दोन्ही कुड्यांच्या प्रजाती वेगळ्या केल्या तेव्हा कुठे हा गुंता सुटू लागला.

यानंतरची महत्त्वाची पायरी मुंबईत घडली. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले होते आणि मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीचे वृत्तांत छापले जात होते. या वृत्तांतात १८५८ साली डॉ. आर. हेन्स यांनी कुड्याच्या सालीतून एक अल्कलॉइड वेगळे काढल्याचे लिहिले. त्याला त्यांनी पुढे कोनेसीन हे नाव सुचवले, आणि तेच टिकले. क्विनाईनचा शोध १८२० चा, आणि मॉर्फिनचा त्याच्याही आधीचा. वनस्पतीतला गुण एका स्फटिकरूप द्रव्यात पकडता येतो, ही कल्पना तेव्हा युरोपात जोरात होती. मुंबईत बसून, इथल्या रानातल्या सालीवर ती लागू करून दाखवणे हे मोठे काम होते. स्टेनहाउस यांनी १८६४ मध्ये बियांतूनही तेच द्रव्य काढले, पण ते काळ्या कुड्याच्या प्रजातीच्या नावावरून ‘राइटीन’ या नावाने नोंदवले. झाडाचा घोळ असा रसायनशास्त्रातही शिरला.

मुंबईच्या बाजारातल्या औषधी द्रव्यांची शिस्तशीर यादी करण्याचे श्रेय डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे जाते. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील, आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ जणांपैकी एक. १८७९ मध्ये त्यांची मुंबईच्या औषधांची सूची प्रसिद्ध झाली. विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारताच्या वनस्पतिज औषधांवर लिहिताना, आणि पुढे वॉर्डन व हूपर यांच्यासह १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ तयार करताना, सखाराम अर्जुन यांचा आधार जागोजागी घेतला. त्यानंतर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आले. लष्करी डॉक्टर आणि वनस्पतींचे जाणकार. बी. डी. बसूंसह केलेला त्यांचा ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ हा सचित्र ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ मध्ये अलाहाबादहून निघाला. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधि गुणादर्श’ आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा १९२७ चा ‘औषधिसंग्रह’ यांनी हे ज्ञान वैद्यांच्या आणि सामान्य वाचकांच्या घरात नेले. देसायांच्या ग्रंथाचे वेगळेपण असे की त्यात आयुर्वेदातला गुण आणि रसायनशाळेतले द्रव्य एकाच नोंदीत शेजारी येतात. मराठी वनौषधीलेखनाला लागलेले हे वळण फार मोलाचे होते.

आफ्रिकेचा संबंध येतो तो १८८६ पासून. पोल्स्टॉर्फ आणि शिर्मर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी पश्चिम आफ्रिकेतल्या एका कुड्याच्या सालीतून अल्कलॉइड काढले आणि ते हेन्स यांचे कोनेसीनच निघाले. हा आफ्रिकी कुडा सेनेगलपासून पूर्वेकडे कांगोच्या खोऱ्यापर्यंत वाढतो. तिथले वैदूही त्याची साल आवेवर आणि तापावर देतात. एकमेकांशी कधी बोलणे न झालेल्या दोन प्रदेशांतल्या वैद्यांनी एकाच प्रजातीच्या दोन भावंडांना एकाच रोगावर लावावे, ही गोष्ट नुसत्या योगायोगाची नाही. वनस्पतींचा गुण तपासू पाहणाऱ्या संशोधकांना असा जुळलेला वापर आजही सर्वांत भरवशाचा इशारा वाटतो, आणि ते योग्यच आहे. पूर्व आफ्रिकेत तर गंमत याहून पुढची आहे. मोझांबिकमधून आणलेल्या नमुन्यांवरून १८६१ मध्ये ‘ताप घालवणारा’ अशा अर्थाच्या नावाने जो कुडा वर्णिला गेला, तो आपलाच पांढरा कुडा असल्याचे डी क्रुइफ यांनी १९८१ च्या अभ्यासात मांडले. म्हणजे रत्नागिरीच्या डोंगरावरचे झाड आणि मोझांबिकच्या रानातले झाड एकाच जातीचे.

झाडाचा आणि द्रव्याचा असा उलगडा होत असताना रोगाचे चित्रही बदलत होते. आव हा एकच रोग नाही, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात कळले. लॉश यांनी १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला एका रुग्णाच्या शौचात अमिबा पाहिला. शिगा यांनी १८९८ च्या सुमारास जपानमधल्या साथीत आवेचा जिवाणू शोधला. अमिबाची आव रेंगाळते, पुन्हा पुन्हा उलटते, कधी यकृतात गळू करते. जिवाणूंची आव तापासह झपाट्याने येते. दोन्हींत रक्त पडते, दोन्हींत मुरडा येतो. एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या वैद्याला त्या वेगळ्या ओळखण्याचे साधन नव्हते. त्यामुळे कुड्याने एकाला गुण येई आणि शेजारच्याला येत नसे. सालीबद्दलची परस्परविरोधी मते, जी जुन्या पुस्तकांत सापडतात, त्यांचे अर्धे उत्तर इथे आहे.

अमिबावर पहिले खात्रीचे औषध ठरले तेही वनस्पतीतलेच. ब्राझीलच्या इपिकाक मुळातले एमेटीन अमिबा मारते, हे कळल्यावर लिओनार्ड रॉजर्स यांनी कोलकात्यात १९१२ मध्ये त्याची इंजेक्शने देऊन रुग्ण बरे केले. पण एमेटीन हृदयाला बाधते, आणि ते बाहेरून आणावे लागे. इथे कुड्याची पुन्हा आठवण झाली. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ मध्ये कोनेसीनच्या परिणामांवर निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे अॅक्टन आणि चोप्रा यांनी सालीतली सगळी अल्कलॉइडे बिस्मथ आणि आयोडीनशी जोडून तयार केलेले औषध जुनाट आवेवर वापरले. त्याला कुर्ची बिस्मथ आयोडाइड म्हणत; कुर्ची हे कुड्याचे बंगाली नाव. चोप्रांचा आग्रह असा होता की देशी औषधांची यादी लांबवण्यापेक्षा त्यांतली थोडी निवडावीत आणि ती पूर्ण तपासावीत. १९३३ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथात तोच आग्रह आहे. याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी कुड्याच्या सालीतून आणखी काही अल्कलॉइडे वेगळी केली. साल म्हणजे एकच द्रव्य नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

यानंतर कोनेसीनची मोठी कसोटी आफ्रिकेत लागली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच डॉक्टरांनी पश्चिम आफ्रिकेतल्या रुग्णांवर शुद्ध कोनेसीन वापरून पाहिले. अमिबावर त्याचा परिणाम होत होता. पण झोप उडणे, अस्वस्थता, चक्कर असे मेंदूवरचे परिणामही दिसू लागले. सहाणेवरच्या चार वळशांत जे प्रमाण कधी पोटात गेले नसते, ते शुद्ध औषधाच्या मात्रेत सहज जात होते. या त्रासाला संभाव्य स्पष्टीकरण मिळाले ते फार पुढे: २००८ मध्ये असे दिसले की कोनेसीन मेंदूतल्या हिस्टामिनच्या एका ग्राहीला अडवते, आणि हा ग्राही जागेपणाशी संबंधित आहे. मधल्या काळात मेट्रोनिडाझोल आले. त्याचा वंश मातीतल्या सूक्ष्मजीवापासून निघालेल्या अॅझोमायसिन या द्रव्याकडे जातो. १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या दर्बानला पॉवेल आणि सहकाऱ्यांनी आवेच्या आणि यकृताच्या गळूच्या रुग्णांवर त्याचा उत्तम परिणाम दाखवला. गोळी स्वस्त, सुटसुटीत आणि खात्रीची. कुर्चीची औषधे दवाखान्यांतून हटली.

भारतातही संशोधनाचा ओघ रोपांकडून मातीकडे वळला होता. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. तिच्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीसपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. पेनिसिलिनच्या त्या युगात कुड्याचे पाळ मागे पडले, यात आश्चर्य नाही.

घरातून मात्र ते गेले नाही. कुड्याचे रान नसलेल्या मुलखातही ते पोचत होते. जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातले वाटूर हे अशा मुलखातले गाव. काळी जमीन, कापूस आणि तूर. पूर्वी हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे तो परभणी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा त्यात आला. कुडा हे डोंगरउताराचे झाड. काळ्या शिवारात ते सहसा दिसत नाही. किनवट-माहूरचे सागवानी रान लांब आहे. इथे साल येते ती वाळलेली, काष्ठौषधींच्या दुकानातून. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि परतूरला स्टेशन झाले, तेव्हापासून अशा मालाची वाट सोपी झाली. ओल्या सालीचा पुटपाक इथे शक्यच नाही. ज्या गावात झाड नाही, तिथे पांढरा-काळा हा भेद दुकानदाराच्या प्रामाणिकपणावर आणि माहितीवर अवलंबून राहतो. लंडनच्या व्यापाऱ्याला अठराव्या शतकात जी अडचण आली, तीच इथल्या गिऱ्हाइकाला आहे.

अशा गावाची स्वतःची औषधे वेगळी असतात: बांधावरचा कडुनिंब, दातांसाठी बाभळीची साल, घरातली हळद, आणि जखमेवर चोळायचा दगडी पाला. दगडी पाला तर अमेरिकेतून आलेले तण आहे. तरी मराठवाड्यात विळा लागल्यावर हात आधी त्याच्याकडे जातो. गावचे औषधज्ञान प्राचीन काळी एकदा ठरले आणि तसेच राहिले, असे मानणाऱ्यांनी या तणाकडे पाहावे. लोक नवे रोप पाहतात, वापरतात, उपयोगी पडले तर ठेवतात. हळदीतल्या कर्क्युमिनची जिवाणूंवरची क्रिया १९४९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात आली. जखमेवर हळद त्याच्या कितीतरी आधीपासून होती. मराठवाड्याच्या वनस्पतींची पक्की नोंद वि. ना. नाईक यांच्या १९९८ च्या दोन खंडांच्या ग्रंथात झाली. औषधी वनस्पतींवर या भागात काम करणाऱ्याला झाडाचे नाव निश्चित करण्यासाठी त्याचा आधार लागतो.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढले आणि वनस्पतींकडे पुन्हा लक्ष गेले. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत एक प्रयोग नेहमी होतो. काचेच्या बशीत अगार ओतून त्यावर जिवाणू पसरवतात, अगारात छोटे गोल खड्डे पाडतात, त्यांत पानाचा किंवा सालीचा अर्क भरतात आणि बशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. सकाळी खड्ड्याभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसले तर त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. विद्यार्थ्याला पहिल्यांदा ते वर्तुळ दिसते तेव्हा होणारा आनंद खरा असतो. पण या मोजमापाला मर्यादा आहे. अर्कातले द्रव्य अगारात किती पसरते, यावर वर्तुळ लहान-मोठे होते. पाण्यात न विरघळणारे प्रभावी द्रव्य लहान वर्तुळ देते आणि दुबळे पण चटकन पसरणारे द्रव्य मोठे.

यावरचा चांगला मार्ग आफ्रिकेतून आला. प्रिटोरियाचे जे. एन. इलॉफ यांनी १९९८ मध्ये ९६ खळग्यांच्या पट्टीवर वनस्पती-अर्कांची किमान रोधक मात्रा काढण्याची सोपी रीत मांडली. अर्क निम्म्या-निम्म्याने पातळ करत जायचा, शेवटी एक रंगद्रव्य घालायचे. जिवंत जिवाणू असतील तिथे लाल रंग येतो, नसतील तिथे येत नाही. अर्क अगदी थोडा लागतो आणि खर्चही कमी. कॅमेरूनचे व्हिक्टर कुएटे यांनी २०१० मध्ये या मात्रांचा अर्थ कसा लावावा याची पट्टी सुचवली. कच्चा अर्क मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत काम करत असेल तर त्याची क्रिया लक्षणीय, ६२५ पर्यंत मध्यम, त्यापुढे दुबळी. ही पट्टी लावली तर भारतातल्या कितीतरी प्रबंधांतले ‘उत्तम जंतुनाशक गुण’ दुबळ्याच्या खणात जातील. ते कटू असले तरी मान्य करायला हवे, कारण खऱ्या गुणाचा अर्क त्या गर्दीत हरवतो. आणि झाडाचा सुकवलेला नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संग्रहात जमा नसेल, तर कोणत्या कुड्याचा अर्क तपासला हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

मारण्याच्या कसोटीपलीकडचा प्रश्न मुंबईत विचारला गेला. फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेने हगवणीवरच्या लोकौषधींचा अभ्यास केला. कच्च्या बेलफळाच्या काढ्यावरचा त्यांचा लेख २००९ मध्ये आला. काढ्याने तपासलेल्या सहा जिवाणूंपैकी एकही मेला नाही. बशीवरच्या प्रयोगात बेल नापास झाला असता. पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींना जिवाणू चिकटणे आणि आत शिरणे त्याने कमी केले, पटकीच्या विषाचे बनणे आणि पेशीला जोडले जाणेही घटवले, आणि जिआर्डिया व रोटाव्हायरसवर त्याची मारक क्रिया दिसली. औषध जंतूला न मारताही निःशस्त्र करू शकते, हे या कामाने नीट दाखवले. हगवणीच्या बाबतीत याला विशेष अर्थ आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीचे रुग्ण वाचवले, तेव्हा त्या पाण्याने एकही जंतू मारला नव्हता.

कुड्याचेही तसेच झाले. २००४ मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी त्याची अल्कलॉइडे हगवण करणाऱ्या ई. कोलायवर तपासली आणि त्यांना परिणाम दिसला. त्यापेक्षा नवे काम थायलंडमधले आहे. स्यूडोमोनास हा रुग्णालयांत माजणारा जिवाणू आत आलेले प्रतिजैविक पंपासारख्या प्रथिनांनी बाहेर फेकतो. कोनेसीन हा पंप अडवते आणि निष्प्रभ झालेली काही प्रतिजैविके पुन्हा काम करू लागतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एकटे कोनेसीन स्यूडोमोनासवर फारसे प्रभावी नाही. दुसऱ्या औषधाच्या जोडीने ते उपयोगी पडते. हे काम प्रयोगशाळेतले आहे. माणसावर वापरण्याआधी मेंदूवरच्या जुन्या परिणामांचा प्रश्न सोडवावा लागेल. त्यासाठी रेणूत बदल करून तो मेंदूत शिरणार नाही असा करणे हा एक मार्ग आहे.

सालीचा व्यापार दरम्यान चालूच आहे. भारतीय औषधकोशांनी तिच्या शुद्धतेची मानके घालून दिली आहेत आणि एकूण अल्कलॉइडांचे प्रमाण तपासूनच ती स्वीकारायची असते. साल आठ ते बारा वर्षांच्या झाडाची, पावसाळ्यात काढलेली आणि आतले लाकूड सोडवलेली असावी, असे जुनी पाठ्यपुस्तके सांगतात. मुळाची साल काढली तर झाड मरते. खोड तोडले तर बुंध्यापासून पुन्हा फुटवे येतात, म्हणून खोडाची साल घेणे रानाला परवडणारे आहे. काळ्या कुड्याची भेसळ आता पातळ थरावरच्या रासायनिक चाचणीत कोनेसीनच्या ठिपक्यावरून पकडता येते. ठिपका नसेल तर ती साल पांढऱ्या कुड्याची नाही.